चावडीवाले भाऊ

फोन वाजला की भाऊ आधी चष्मा कपाळावर सरकवायचे, मग रिसीव्हर उचलायचे आणि पलीकडच्या माणसानं तोंड उघडायच्या आत विचारायचे, "पहिले हे सांगा, तुमी कोनते?"

'कोणते' म्हणजे कोणत्या गावचे, कोणाच्या घरचे आणि आजोळ कुठलं. अमरावतीत एका साडीच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. दवाखाने आणि रक्त तपासायच्या लॅब यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. प्रोग्रॅम लिहिणारे मुख्य माणूस भाऊ, आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी घ्यायला मी. फोन करणाऱ्याचा कॉम्प्युटर अडलेला असायचा, त्याच्या बाकावर पेशंट ताटकळलेले असायचे, आणि इकडून भाऊ त्याच्या मामाचं गाव विचारत असायचे. नवल म्हणजे तो चिडायचा नाही. तोही खुर्ची ओढून घेऊन सांगायला लागायचा. आमच्याकडे याला चौकशी म्हणत नाहीत, ओळख म्हणतात.

कुठं तरी धागा लागायचाच. मग भाऊ खूश होऊन म्हणायचे, "मंग तं तुमी आमचे पाहुनेच झाले ना बाप्पा. आता सांगा, कॉम्प्युटर काय म्हणते?" बिघाड काढायला त्यांना चहाच्या कपाइतका वेळ लागायचा. नातं काढायला मात्र अख्खी किटली.

एकदा दर्यापूरकडच्या एका गृहस्थाचा चुकून फोन आला. त्याला बियाण्याचं दुकान हवं होतं. भाऊंनी त्याला सोडला नाही. पुढं भाऊंच्या मुलीच्या लग्नात हा माणूस आहेर घेऊन हजर, आणि पंगतीत वाढायलाही पुढं. मी विचारलं, हे कोण? भाऊ म्हणाले, "राँग नंबर हाये. पन मानूस चांगला हाये."

राहायला ते अकोल्याला. रोज सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचे आणि तिथून ऑटोनं ऑफिसात. या प्रवासात त्यांनी स्वतःजवळ काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्यांची शुगर टीसीला माहीत होती. त्यांच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं हे मूर्तिजापूरच्या चहावाल्याला माहीत होतं, आणि तो रोज डब्याच्या खिडकीशी येऊन सासूबाईंना आता अक्षरं दिसतात का, असं विचारायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या पोटात पाणीही राहत नाही, म्हणून आपण हसतो, आणि ती गाडीला दिसली नाहीत की आपलाच डबा ओकाबोका वाटतो.

असा माणूस प्रोग्रॅम लिहायला बसला तर तो प्रोग्रॅम तरी मुका कसा निघणार?

कुठलाही प्रोग्रॅम चालताना आपण काय करतोय हे एका फाइलीत लिहीत जातो. त्या फाइलीला लॉग म्हणतात. बिघाड झाला की ती उघडायची आणि गाडी कुठं अडली ते पाहायचं. जगभर हे लॉग इंग्रजीत, आखूड, रुक्ष असतात. भाऊंच्या प्रोग्रॅमचा लॉग वऱ्हाडीत बोलायचा. अक्षरं रोमन, पण भाषा थेट पारावरची. "उठलो. इकडे तिकडे पाह्यलं. फाइल धुंडून राहिलो. भेटली." वीज गेली आणि पुन्हा आली की तो लिहायचा, "मधातच लाइन गेली होती. पुना उठलो." या फाइलीचं नाव भाऊंनी 'चावडी' ठेवलं होतं.

हसू नका, त्याला कारण होतं. त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग इतकं असायचं की लाइन असली तरच लोक विचारायचे, आज काय विशेष? कॉम्प्युटर कामाच्या मधोमध मान टाकायचे. गावोगावच्या दवाखान्यांतल्या पोरापोरींना इंग्रजी चुका वाचता यायच्या नाहीत. चावडी मात्र कोणालाही वाचता यायची. परतवाड्याच्या लॅबमधला ऑपरेटर फोनवर ती अशी रंगवून वाचायचा की आम्ही स्पीकर लावून ऐकायचो. शेवटची ओळ ऐकली की भाऊंना रोग कळायचा.

एकदा पुण्याहून एक इंजिनियर आमचं काम बघायला आला होता. चावडी पाहून त्याला आधी गंमत वाटली, मग घाम फुटला. तो म्हणाला, "यात माणसांची नावं कशाला? पेशंटला एक नंबर द्या आणि तेवढाच लिहा. लॉग कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही."

भाऊ म्हणाले, "नंबराले काय मामाचं गाव रायते काय?"

आम्ही सगळे हसलो. इंजिनियर हसला नाही. तो बिचारा बरोबर होता, आणि एकटा होता.

ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांचं नाव पेपरात रोज यायचं आणि चांगल्या कारणासाठी यायचं नाही. मग मोठमोठ्या शहरांतून संस्था आल्या, समित्या आल्या, विद्यार्थी आले. जो तो आपला फॉर्म घेऊन दारोदार फिरत होता. एक संस्था मात्र कामाची होती. ती मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत सिकलसेलची तपासणी करायची. सिकलसेल हा रक्ताचा आजार, आईबापांकडून येणारा. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट असतो, फक्त वाहक असतो. लोक त्याला 'अर्धी सिकल' म्हणतात. नवराबायको दोघंही वाहक निघाले, तर मात्र लेकराला पुरा आजार व्हायची भीती. म्हणजे लग्नाआधी घरच्यांना कळलेलं बरं, आणि गावाला न कळलेलं त्याहून बरं.

परतवाड्याच्या लॅबमध्ये हे रिपोर्ट निघायचे, आणि त्यांचा प्रोग्रॅम आमचा होता. संस्थेची अट कडक होती. रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात, आणि समजावून सांगणं दार लावून. भाऊंनी रिपोर्टच्या पडद्याला एक सोडून दोन पासवर्ड लावले. छाती ठोकून म्हणाले, "पोरीच्या बापालेबी दिसनार नाई."

आणि ते खरंच होतं. पडद्यावर बापालाही दिसत नव्हतं. चावडीत सगळं लिहिलं जात होतं. "चाबी मांगतली, चाबी देल्ली, बराबर लागली" इतकंच नाही, तर ती चाबी, म्हणजे पासवर्ड, कोणती होती तेही पुढं लिहिलेलं. पेशंटच्या फॉर्ममधले रकाने जोडून चावडीत छान वाक्य बनवायची सोय भाऊंनी मोठ्या हौसेनं केली होती. पुढच्या दाराला दोन कुलपं आणि मागचं दार सताड उघडं. हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही, कारण चावडी आम्हाला घरची वाटायची.

एक दिवस परतवाड्याला रिपोर्ट छापले जाईनात. लॅबमध्ये इंटरनेट नव्हतं. ऑपरेटरनं नेहमीसारखी चावडीची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, समोरच्या इंटरनेटच्या दुकानात गेला, ती तिथल्या कॉम्प्युटरवर उतरवली, आम्हाला मेल केली आणि परत आला. दुकानातली फाइल तशीच राहिली. एरवीचा लॉग असता तर त्या आकड्यांकडं कोणी ढुंकून पाहिलं नसतं. पण ही चावडी. ज्यानं उघडली तो वाचतच बसला, आणि मग त्यानं शेजारच्याला बोलावलं. त्या गर्दीत एका होणाऱ्या नवरदेवाचा मामा होता.

त्यानंतर थोड्या दिवसांनी एक मुलगी आमच्या ऑफिसात आली. एकटीच आली होती. बीएला असेल, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा अगदी शांत. तिनं पिशवीतून एक छापील कागद काढून भाऊंच्या टेबलावर ठेवला.

"हे तुमी लिवलं का?"

भाऊंनी वाचलं. मीही वाकून वाचलं. "बसस्टँडामागच्या टेलरची मोठी पोरगी. लग्न ठरलेलं हाये. रिपोर्ट काढला. अर्धी सिकल निंगाली."

"हाव माय," भाऊ म्हणाले. "म्याच लिवलं."

"हे त्याच्या मामाच्या हाती लागलं. त्याइनं छापून माह्या बापाच्या दुकानात आनून देल्लं."

भाऊंनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मले सिकल हाये, याचं मले काई नाई वाटत," ती म्हणाली. "तथल्या डॉक्टरबाईनं समजावून सांगतलं होतं. मी त्याले सांगनारच होती. कोन्या दिवशी सांगाचं, कसं सांगाचं, हे बी ठरवलं होतं. तुमच्या कॉम्प्युटरनं माह्याआधी सांगतलं."

मी भाऊंकडं पाहिलं. त्यांचा चष्मा कपाळावर गेला होता. "पोरगा कोन्या गावचा?" त्यांनी विचारलं. तिनं गाव सांगितलं आणि भाऊंच्या तोंडावर उजेड पडला. "तथी माह्या साडभावाची सोयरीक हाये. तू चिंता नको करू माय. मी आजच जातो. त्या मामाले समजावतो. अर्ध्या सिकलनं काई होत नाई, पोराचं रक्त तपासलं का झालं. दोन शब्दाचं काम हाये."

ते उठलेसुद्धा. त्या क्षणी त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. माणसाला माणूस जोडला की सगळं सरळ होतं, अशी त्यांची श्रद्धाच होती.

"नाई काका," ती म्हणाली.

"काहून?"

"या दोन-चार वर्षांत आमच्या घरी किती लोक आले, तुमाले माईत हाये का? घरात चुली किती, वावर हाये का गेलं, कोनी दारू पेते का, रात्री कोनाले झोप येत नाई का. सगळ्याइनं इचारलं, सगळं लिवून नेलं. आमी बी सांगतलं. ही एकच गोठ माही होती. माह्या तोंडानं सांगाची होती. तो अजून मले काई बोलला नाई. रयवारी येनार हाये. तवापर्यंत तुमी कोनाशी बोलू नका. माह्या बाजूनंबी बोलू नका."

भाऊ उभेच राहिले. मग म्हणाले, "बरं."

इतक्या वर्षांत त्यांचं एका शब्दाचं उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं. मुलगी कागद घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "ताई, पानी भेटन का?" मी दिलं. उभ्यानंच प्यायली आणि जिना उतरली. मला तिचा फार अभिमान वाटला. तिचं लग्न राहतंय की मोडतंय हे आता त्या रविवारवर होतं. तिनं मागितलं होतं ते एवढंच, की तो रविवार तरी तिचा असावा.

भाऊ त्याच दुपारी परतवाड्याला गेले, मला बरोबर घेऊन. इंटरनेटच्या दुकानातली फाइल काढून टाकली, लॅबमधलीही काढून टाकली. एसटीत परत येताना मी म्हटलं, आता कोणाला सापडायची नाही. भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फाइल पुसता येते मॅडम. वाचलेली गोठ पुसता येत नाई." शेजारी बसलेल्या म्हातारबुवांनी त्यांना दोनदा गाव विचारलं, तर त्यांनी झोपेचं सोंग घेतलं.

तिथून पुढचे दिवस काय सांगू तुम्हाला. फोन उचलला की "हां, बोला," एवढंच. पलीकडची माणसं गोंधळायची. दारव्ह्याचे एक डॉक्टर स्वतःच म्हणाले, "भाऊ, मी दारव्ह्याचा, आजोळ दिग्रस," तर हे म्हणाले, "हो का. कॉम्प्युटरले काय झालं?" आमच्या मालकांना वाटलं की यांना दुसरीकडं नोकरी लागली. संस्थेला मालकांनी आधीच सगळं खरं कळवून माफी मागितली होती, बोलणी खाल्ली होती, आणि आता हा माणूसही जातोय की काय, या काळजीनं ते रोज भाऊंसाठी भारीतली मिठाई मागवायला लागले. शुगरवाल्या माणसाला मिठाई. गाडीतला टीसी तर एकदा बडनेऱ्याला भाऊंना ऑटोपर्यंत सोडायला आला. त्या दिवशी मी भाऊंना घ्यायला स्टेशनवर गेले होते; तब्येत बिघडली असेल तर त्यांना रजा घ्यायला लावा, असं तो मला हळूच सांगून गेला.

मला भीती वाटायची ती वेगळीच. नवरदेवाचं गाव भाऊंना माहीत होतं, साडभावाचा, म्हणजे साडूचा, फोन नंबर त्यांच्या खिशात होता. एक फोन केला असता तर कदाचित सगळं गोड झालंही असतं. हा माणूस रविवारपर्यंत तग धरेल, यावर ऑफिसात कोणी चहाची पैजसुद्धा लावली नसती.

सोमवारी भाऊ नेहमीच्या वेळेला आले. फोन वाजला की त्यांचा हात आधी पुढं जायचा. बारा वाजले, डबे उघडले, कोणाचं लक्ष जेवणात नव्हतं. मग एक फोन आला. भाऊंनी चष्मा कपाळावर नेला नाही. कानाला रिसीव्हर लावून ते ऐकत राहिले.

"हाव… हाव माय… बरं."

रिसीव्हर ठेवला. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो. मालक दारात येऊन उभे. भाऊंनी आपला डबा उघडला, भाकरी मोडली आणि म्हणाले, "जेवा ना बाप्पा. थंडं होऊन राह्यलं."

त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. मी आडून विचारलं, समोरून विचारलं, एकदा बडनेऱ्याच्या फलाटावर आलुबोंडा खाऊ घालून विचारलं. भाऊ आलुबोंडा खायचे आणि दुसरंच बोलायचे. हळूहळू त्यांच्या गप्पा परत आल्या. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही गाडीभर गाजलं. स्वतःचं सगळं ते पूर्वीसारखंच वाटत सुटायचे. फक्त दुसऱ्याचं त्यांच्या तोंडून येईनासं झालं, आणि ज्यांनी त्यांना आधी ओळखलं नव्हतं त्यांना हा फरक कळलाही नसता.

पुढचा सगळा उन्हाळा ते एसटीनं फिरत होते. जिथं जिथं आमचा प्रोग्रॅम होता तिथं जाऊन जुनी चावडी काढायची आणि नवीन बसवायची. नवीन चावडी पहिल्या दिवशी काय लिहीत होती, माहीत आहे? "कोनीतरी आलं. काहीतरी पाह्यलं. गेलं." आम्ही हसून हसून लोळलो. यावरून बिघाड कसा शोधायचा? मग पुण्याच्या त्या इंजिनियरला भाऊंनी स्वतः फोन केला, त्याची पद्धत शिकून घेतली आणि सगळीकडं नंबर आले. परतवाड्याच्या ऑपरेटरनं तक्रार केली, "भाऊ, चावडीत आता काई मजा नाई राह्यली." भाऊ म्हणाले, "मजा पायजे तं माह्याशी बोल. कोंबड्यावानी सकाळी पाचले उठतो मी. काय इचाराचं ते माह्याबद्दल इचार."

मग आमचं ऑफिस बंद झालं. मोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम आले, आमच्यासारख्या जिन्यावरच्या दुकानांना कोण विचारणार. भाऊ अकोल्याला घरीच असायचे. शुगरनं आधी पाय धरले, मग डोळे. मी अधूनमधून जायचे. आम्ही चहा प्यायचो, त्यांचा बिनसाखरेचा.

ते गेले तेव्हा मी नागपूरला होते. बातमी उशिरा कळली. तेरवी होऊन गेल्यावर मी अकोल्याला वहिनींना भेटायला गेले. घरात दुसरं कोणी नव्हतं. वहिनींनी चहा केला, भाऊंच्या गोष्टी निघाल्या, आम्ही दोघी हसलो आणि मग रडलो.

वहिनी उठून आतून भाऊंचा मोबाइल घेऊन आल्या.

"मॅडम, तुमाले एक इचारू? याच्यावर एका बाईचा फोन येत असे. दिवाळीले येच, पोळ्याले येच. तुमच्या भाऊनं मले चड्डी-बनियनचा भाव बी सांगतला जन्मभर. पन हा फोन आला का आंगनात जाऊन बोलाचे. म्या एकदा इचारलं, कोन हाये ही? तं म्हने, ती गोठ माही नाई."

मी कप खाली ठेवला.

"परवा पुना आला," वहिनी म्हणाल्या. "म्या उचलला. काका हायेत का म्हने. म्या सांगतलं, गेले ते. मांगून एक बारकं लेकरू म्हनून राह्यलं होतं, आई, काहून रडून राह्यली तू? मंग तिनं मलेच इचारलं, काकू, तुमी जेवल्या का?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तुमी एका ठिकानी होत्या इतके वर्ष. तुमाले तं माईत असन. कोन हाये ती?"

एका क्षणात मला सगळं कळलं. खरं म्हणजे सगळं नाही. ते लेकरू त्याच ठरलेल्या नवरदेवाचं की दुसऱ्या कोणाचं, हे मला आजही ठाऊक नाही. पण ती मुलगी सुखरूप आहे, कोणाची तरी आई आहे, आणि पोळ्याला आठवणीनं फोन करते, एवढं कळलं. ते ऐकून मला इतका आनंद झाला की तो वहिनींपासून लपवताना जीव घाबरा झाला.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "मला नाही माहीत."

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. त्या मोबाइल हातात फिरवू लागल्या.

"पोरगं म्हनते, नंबर बंद करून टाकू. उगीच कायले ठेवाचा?"

"राहू द्या चालू," मी म्हटलं.

वहिनींनी उठून फोन चार्जिंगला लावला.